तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?

पुणे सार्वजनिक सभा आपण शाळेत शिकतो ती राष्ट्रीय चळवळीची नांदी म्हणून. परंतु तिचा उगम पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या एका निव्वळ स्थानिक गाऱ्हाण्यात होता, हे सहसा सांगितले जात नाही. शहरातल्या लोकांना तो कारभार पसंत नव्हता, त्याविषयी सरकारशी बोलायचे होते, आणि तेव्हा प्रश्न उभा राहिला की बोलायचे कोणी आणि कोणत्या अधिकाराने. २ एप्रिल १८७० रोजी गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभा स्थापन केली तेव्हा या प्रश्नाचे उत्तर त्यांनी नियमांतच घालून ठेवले : ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशा सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. त्या सह्यांत स्त्रिया किती असतील आणि गावकुसाबाहेर ठेवलेले किती असतील, याचा अंदाज करायला संशोधनाची गरज नाही. तरीही ज्या काळात कोणालाच मत नव्हते त्या काळात, लोकांच्या नावाने बोलणाऱ्याने आधी लोकांकडून तसे लिहून आणावे, असे या माणसांना वाटले.

दीडशे वर्षांनंतर त्याच शहरात, आणि मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर अशा प्रत्येक मोठ्या शहरात, आपल्या परिसराची काळजी वाहणारे नागरिकांचे शेकडो गट आहेत. कोणी रविवारी सकाळी टेकडीवर झाडांना पाणी घालते, कोणी नाल्यातला राडारोडा मोजून त्याची छायाचित्रे महापालिकेला पाठवते, कोणी पदपथावरच्या अतिक्रमणांची यादी ठेवते, कोणी सोसायट्या-सोसायट्यांमध्ये जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकवते. या कामात मीही गेली काही वर्षे थोडाफार असतो, आणि जे पुढे लिहितो आहे ते बाहेरून पाहणाऱ्याचे शेरे नाहीत. आमच्यातल्या प्रत्येकाने क्षेत्रीय कार्यालयात कधी ना कधी एक प्रश्न ऐकलेला असतो. टेबलापलीकडचा अभियंता निवेदन वाचतो, वर पाहतो आणि विचारतो, ‘‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’’ आपण दुखावतो. स्वतःचा वेळ, स्वतःचे पैसे घालून आलेल्या माणसाला हे विचारायचे? अभियंत्याचा हेतू बहुधा निवेदन टोलवण्याचाच असतो, हेही खरे. पण हेतू बाजूला ठेवला तर प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक काकांनी तो स्वतःला विचारला होता. आम्ही विचारत नाही, आणि माझ्या मते शहरातल्या स्वयंसेवी कामाचा मुख्य दुबळेपणा तिथेच आहे. श्रम भरपूर आहेत, तळमळ आहे, माहितीही पुष्कळदा अधिकाऱ्यांपेक्षा जास्त आहे. परंतु ज्यांच्या नावाने हे सारे चालते त्यांनी आपल्याला नेमलेले नाही, आणि त्यांना आपला हिशेब मागता येईल अशी जागाही आपण ठेवलेली नाही.

याचा अर्थ असे काम व्यर्थ आहे, असा कोणी काढू नये. चंद्रपूरचे उदाहरण घ्या. गोंड राजांनी बांधलेला तिथला परकोट जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या दरवाजांसह शहराला वेढून उभा आहे आणि वर्षानुवर्षे त्यावर झाडोरा माजला होता, पायथ्याशी कचरा साठत होता. २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी तो साफ करायला घेतला आणि एक-दोन रविवारांच्या उत्साहावर न थांबता शेकडो दिवस रोज सकाळी ते काम चालू ठेवले. भुईकोटाची भिंत मोकळी झाली हा त्याचा दिसणारा परिणाम. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या भिंतीकडे शहर पाठ करून बसले होते ती भिंत ही आपली वस्तू आहे, असे शहराला पुन्हा वाटू लागले. हे काम कोणत्याही निविदेतून झाले नसते. कंत्राटदार भिंत स्वच्छ करू शकतो, पण तिच्याविषयी आस्था निर्माण करणे हे त्याच्या कामाच्या यादीत येत नाही.

तेव्हा श्रमदानाची किंमत मला मान्य आहे. माझा आक्षेप श्रमदानावर थांबण्याला आहे. आमच्याच भागातला एक कोपरा आहे, दोन गल्ल्या मिळतात तिथे, रोहित्राच्या पेटीशेजारी. तिथे कचऱ्याचा ढीग असे. आम्ही दहा-बारा जणांनी एका रविवारी तो उचलला, जागा धुतली, रांगोळी काढली, शेजारी तुळशीची कुंडी ठेवली. बुधवारपर्यंत ढीग परत आला, कुंडी गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आमच्यातल्या एका निवृत्त बाई सलग चार दिवस समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या आणि कचरा कोण टाकते ते त्यांनी पाहिले. आम्हाला खात्री होती की बाहेरचे लोक टाकतात. टाकणारी माणसे जवळच्या दोन चाळींतली आणि काही आमच्याच इमारतींतली निघाली. आणि कारण असे की घंटागाडी साडेनऊनंतर येई, तोवर नवरा-बायको दोघेही कामावर गेलेली असत. गाडीची वेळ सातवर आणायला आरोग्य कोठीतल्या मुकादमापासून वरपर्यंत पाच महिने खेटे घालावे लागले. वेळ बदलली, आणि ढीग तीन-चतुर्थांश कमी झाला. उरलेला चतुर्थांश अजून आहे, त्याचे कारण अजून सापडलेले नाही. तीन रविवारच्या खराट्याने जे झाले नाही ते एका वेळापत्रकाने केले. मात्र ते वेळापत्रक बदलायला हवे हे कळण्यासाठी कोणीतरी चार दिवस पायरीवर बसावे लागले, आणि ज्यांना आपण दोषी धरले होते त्यांच्याशी बोलावे लागले.

गाडगेबाबांचे नाव आपल्याकडे स्वच्छतेशी इतके घट्ट जोडले गेले आहे की त्यांच्या कामाचा अर्धा भाग त्यामागे झाकला जातो. दिवसा गाव झाडून काढायचे आणि रात्री कीर्तन करायचे, असा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, उत्तरे काढून घेत, त्यांच्याच तोंडून त्यांची चूक वदवून घेत. सरकारी अभियानांनी त्यांचा खराटा उचलला आणि कीर्तन सोडून दिले. आमच्या नागरी मंचांनीही बहुधा तेच केले आहे : आम्ही झाडतो, छायाचित्र काढतो, ते व्हॉट्सॲपवर टाकतो आणि घरी जातो. प्रश्न विचारायचा राहून जातो, शेजाऱ्याला आणि महापालिकेला दोघांनाही.

महापालिकांना हे सोयीचे असते. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आणि रस्ता यांची जबाबदारी संघटितपणे घेतली आणि तो प्रयोग पाहून महापालिकेने प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना, म्हणजे रोजच्या बोलण्यातली एएलएम, शहरभर नेली. कल्पना चांगली होती. रहिवाशांनी कचरा वेगळा करायचा, परिसरावर लक्ष ठेवायचे. महापालिकेने त्या बदल्यात वेळेवर वाहने, अधिकाऱ्यांच्या नियमित बैठका आणि तक्रारींची दखल द्यायची. काही वर्षांत असे शेकडो गट झाले आणि पुढे त्यांतले पुष्कळ निद्रिस्त झाले. का झाले, याचे उत्तर लोकांच्या निरुत्साहात शोधण्याची पद्धत आहे. मला ते उत्तर अपुरे वाटते. या व्यवहारात रहिवाशांची बाजू रोज तपासली जात होती, कारण कचरा रोज निघतो. महापालिकेची बाजू तपासण्याचा अधिकार मात्र कोणत्याही कायद्याने त्या गटांना दिलेला नव्हता. सहायक आयुक्त उत्साही असला तर बैठका होत, बदली झाली की थांबत. माणसाच्या मर्जीवर उभे असलेले काम माणसाबरोबर जाते. गट थकले असे आपण म्हणतो तेव्हा ते काय करून थकले हेही पाहिले पाहिजे : बहुतेक जण मागण्या करून थकले, काम करून नव्हे.

इथे ‘स्वयंसेवक’ या शब्दाविषयी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय हा विषय मध्यमवर्गीय आत्मसंतोषात बुडतो. मुंबईतल्या झोपडवस्त्यांच्या सफाईसाठी महापालिकेने दत्तक वस्ती योजना आणली, तेव्हा वस्तीतल्याच संस्थांमार्फत वस्तीतलीच माणसे या कामाला लागली. त्यांनाही स्वयंसेवक म्हटले गेले, आणि त्यांना जे मिळे त्याला वेतन न म्हणता मानधन म्हटले गेले. गटारात उतरणारा हात तोच, पण त्याला कामगार म्हटले की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा हे सगळे मागून येते. स्वयंसेवक म्हटले की काहीच येत नाही. कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांनी याविरुद्ध दीर्घ लढा दिला, आणि त्यांतल्या २,७०० जणांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला, तोवर अनेकांच्या उमेदीची वर्षे गेली होती. म्हणजे एकाच शहरात, एकाच शब्दाने, गच्चीवर खत करणारा सेवानिवृत्त बँक अधिकारी गौरवला जातो आणि झोपडवस्तीचे गटार उपसणारा तरुण नाडला जातो. पुण्याने याबाबतीत निराळी वाट धरली, हे या शहराच्या श्रेयात जमा करायला हवे. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. घरोघरचा कचरा गोळा करणारी बाई तिथे संस्थेची सभासद आहे, घरटी शुल्क ही तिची कमाई आहे. ज्या सोसायट्यांत रहिवासी गट जागरूक असतो तिथे या बाईचे काम हलके होते, कारण कचरा वेगळा होऊन येतो. स्वयंसेवेचा मला दिसणारा सगळ्यांत सरळ उपयोग हा आहे : जिचे पोट या कामावर आहे तिचे काम सोपे करणे.

परिसर सुधारणे आणि परिसर राखणे हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण दुसऱ्यात एक धोका आहे जो पहिल्यात नाही. राखायचे म्हटले की कोणापासून, हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर फार लवकर ‘बाहेरच्यांपासून’ असे मिळते. सार्वजनिक रस्त्याला लागलेले लोखंडी फाटक, बागेच्या दाराशी लावलेली अमुक वेळेनंतर प्रवेश बंदची पाटी, भाजीच्या हातगाड्या हटवण्याचे निवेदन, कामाला येणाऱ्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरावी याचे नियम, या सगळ्यांमागे तीच माणसे असतात जी रविवारी झाडे लावतात, आणि दोन्ही कामे ती सारख्याच प्रामाणिकपणे करत असतात. फेरीवाल्यांचेच पाहा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली. तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, आणि महापालिका, पोलीस यांच्याबरोबर रहिवाशांच्या संघटनांनाही जागा असावी, असे कायदा सांगतो. म्हणजे भाजीवाली आणि भाजी घेणारा यांनी एका टेबलाशी बसून कोणत्या रस्त्यावर विक्री व्हावी हे ठरवावे, अशी योजना कायद्यात आहे. त्या समित्या नीट चालाव्यात म्हणून निवेदन देणारा नागरी मंच मी अजून पाहिलेला नाही. अतिक्रमण विभागाची गाडी बोलावणारे पुष्कळ पाहिले आहेत. गंमत अशी की तीच गाडी निघून गेल्यावर संध्याकाळी कोथिंबीर आणायला आपण त्याच बाईकडे जातो.

मोकळ्या जागांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. दक्षिण मुंबईतले ओव्हल मैदान आज ज्या स्थितीत आहे त्याचे श्रेय तिथल्या रहिवाशांच्या संघटनेला आहे. त्यांनी न्यायालयापर्यंत जाऊन मैदानाची दुर्दशा थांबवली, ते सांभाळायला घेतले. आणि आज तिथे कोणाच्याही पोराला बॅट घेऊन उतरता येते. हे उदाहरण रहिवाशांच्या बाजूने नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याच शहरात मैदाने आणि उद्याने ‘दत्तक’ देण्याच्या धोरणाखाली काही भूखंडांवर क्लब उभे राहिले, सभासदत्वाशिवाय आत जाता येईना, आणि त्यांतल्या काहींच्या मागे राजकीय पुढाऱ्यांच्या संस्था होत्या. २०१६ च्या सुरुवातीला महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले तेव्हा इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. कागदावर दोन्ही प्रकार एकच होते : महापालिकेला परवडत नाही, म्हणून स्थानिक संस्था जागा सांभाळते. फरक एवढाच की पहिल्यात फाटक उघडे राहिले. ते उघडे राहिले हे तिथल्या माणसांच्या भलेपणामुळे. ते बंद झाले असते तर उघडायला लावण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न भलेपणाने सुटत नाही.

चांगल्या हेतूला प्रश्न विचारणारे कोणी नसले की काय होते हे पुण्याच्या टेकड्यांवर अधिक स्पष्ट दिसते. १९९७ साली हद्दीत आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे ९७८ हेक्टरचे आरक्षण टिकावे म्हणून या शहरातल्या नागरिकांनी जो दीर्घ झगडा दिला, आणि बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी जे हजारो लोक रस्त्यावर आले, त्याला तोड नाही. टेकड्या वाचल्या असतील तर त्या या माणसांमुळे. पण त्याच टेकड्यांवर गेली कित्येक वर्षे वृक्षारोपणाचा जो सपाटा चालू आहे त्याविषयी वनस्पतींचे अभ्यासक अस्वस्थ आहेत. पुण्याच्या टेकड्या मुळात दाट जंगलाच्या नाहीत. त्या गवताळ आहेत, मधूनमधून सालई, गणेर, धावडा, पांढरूख अशी झाडे असलेल्या. ते गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे. चंडोल आणि तित्तिर त्याच गवतात घरटी करतात. वनखात्याने पूर्वी गिरिपुष्प हे परदेशी झाड लावून एक चूक केली. ती डोळ्यांसमोर असूनही आज कित्येक गट उन्हाळ्यात पिवळी पडलेली टेकडी पाहून हळहळतात, खड्डे खणतात, वड-पिंपळ लावतात, नळ्या टाकून पाणी देतात. वाढदिवसाला झाड, आजोबांच्या स्मरणार्थ झाड, कंपनीच्या सामाजिक निधीतून हजार झाडे. प्रत्येक झाडामागची भावना खरी आहे. मात्र टेकडीवर काय असावे हा निर्णय ज्याच्या हातात कुदळ त्याचा, अशी स्थिती झाली आहे. ज्या बाया पिढ्यान्‌पिढ्या तिथून गवत कापून नेत, गुरे चारत, त्यांना तर कोणी विचारलेच नाही. त्यांना सुरक्षारक्षकाने हटकले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण भिवंडीचे आहे, आणि ते मला नेहमी आठवते कारण तिथे राखायचे होते ते रस्ते किंवा झाडे नव्हे, माणसांचे जीव. १९७० आणि १९८४ या दोन्ही साली भिवंडीत भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. शांतता समित्या पूर्वीही होत्या. त्यांत दोन्ही बाजूंचे पुढारी बसत, सणाआधी चहा होई आणि छायाचित्र निघे. खोपड्यांनी पुढाऱ्यांना टाळून मोहल्ल्यातली साधी माणसे घेतली, दोन्ही धर्मांची, आणि त्यांना मोहल्ल्यातल्या हवालदाराबरोबर ठरावीक दिवशी बसायला लावले. बोलणे बहुतेक वेळा दंगलीवर नसे. नळावरची भांडणे, पोरांच्या छेडाछेडी, उधारीचे तंटे यांवर असे. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. आता हे खरे आहे की या समित्यांना कायद्याचा आधार नव्हता, त्या एका अधिकाऱ्याच्या कल्पकतेवर उभ्या होत्या, म्हणजे एएलएमविषयी मी जे वर म्हटले तेच इथेही लागू होते. पण त्यांच्यात एक गोष्ट होती जी आमच्या मंचांत नाही. ज्यांच्यापासून मोहल्ला राखायचा असे प्रत्येकाला वाटत होते, तेच समोरच्या खुर्चीवर बसलेले होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. तो असा की, लोकांचे मुखत्यारपत्र हवे असेल तर त्यासाठी नगरसेवक आहेच. त्याला निवडून दिलेले आहे, हिशेब त्याने द्यावा. नागरी गटांचे बळ त्यांच्या स्वतंत्रपणात आहे, त्यांना निवडणुका, गणपूर्ती, ठराव यांत गुंतवले की त्यांचाही अड्डा होईल, आणि दोन वर्षांत तिथेही तेच पुढारी शिरतील. जुहूमधल्या रहिवाशांनी २००७ सालच्या निवडणुकीत अडॉल्फ डिसोझा यांना नागरिकांचे उमेदवार म्हणून उभे करून निवडून आणले, तेव्हा अनेकांना वाटले की हीच वाट. पण तिच्यावरून फार लोक गेले नाहीत. या आक्षेपातला नगरसेवकाचा भाग मला टिकणारा वाटत नाही. पुण्यात २०१७ साली ४१ प्रभागांत १६२ नगरसेवक निवडून आले. बहुतेक प्रभागांत चार-चार. एका प्रभागाची लोकसंख्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा मोठी, आणि एका खड्ड्याला चार ‘माननीय’ जबाबदार, म्हणजे कोणीच नाही. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, पुणे आणि मुंबई यांसह राज्यातल्या अनेक महापालिका प्रशासकांनी चालवल्या. त्या काळात शहराच्या वतीने बोलणारे जे कोणी उरले होते ते हेच बिनमुखत्यारपत्राचे स्वयंसेवक होते. पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयांत दरमहा होणाऱ्या मोहल्ला समितीच्या, म्हणजे नागरिक आणि अधिकारी यांच्या, बैठका, आणि दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत माहिती अधिकाराखाली फायली पाहायला मिळण्याची पुण्यात रुळलेली सोय, या दोन खिडक्यांतून त्यांनी कारभारावर जेवढे लक्ष ठेवता येईल तेवढे ठेवले. आक्षेपाचा दुसरा भाग, गटांचा अड्डा होईल हा, मला खोडता येत नाही. होईलही. पण आजही काही ठिकाणी तो आहेच. फरक इतकाच की तो मोडायची रीत कोणाला माहीत नाही.

रीत कायद्यात आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून प्रभाग समित्या आणल्या, पण तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत त्या आकाराने इतक्या मोठ्या झाल्या की गल्लीचा आवाज तिथे पोचणे शक्य नव्हते. म्हणून २००९ साली महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावाला ग्रामसभा तशी शहरातल्या मतदान केंद्राच्या आसपासच्या वस्तीला क्षेत्रसभा : त्या हद्दीतला प्रत्येक मतदार तिचा सभासद, नगरसेवकाने ती बोलवायची, आणि तिने कामांचे अग्रक्रम, योजनांचे लाभार्थी, दिव्या-पाण्याच्या त्रुटी यांविषयी सांगायचे. ही तरतूद कागदावर जवळपास तशीच पडून आहे. नगरसेवकांना ती नको असणे समजण्यासारखे आहे. मला नवल वाटते ते नागरी गटांचे. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामे सुचवता येतात, त्याचे अर्ज भरायला आम्ही धडपडतो. बाके, दिवे, पदपथाचे तुकडे मागून घेतो. पण क्षेत्रसभा घ्या, हा आग्रह धरून क्षेत्रीय कार्यालयासमोर बसलेला गट विरळा. कारण उघड आहे. क्षेत्रसभेत आम्ही पंधरा जण पंधराच असू. तिथे चाळीतले दोनशे येतील, वस्तीतले चारशे येतील, गणेश मंडळाची पोरे येतील, जी आमच्यापेक्षा अधिक संघटित आहेत आणि ज्यांना आम्ही आजवर ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीपुरतेच ओळखत आलो. आमची टेकडी, आमचा पदपथ, आमचा शांत रस्ता हे विषय यादीत खाली जातील. जाऊ द्यावेत, असे माझे मत आहे. तिथे हरलेला पदपथ पुढच्या वर्षी पटवून जिंकता येतो; आणि जिंकलेला पदपथ मग कोणी ‘तुम्ही कोण’ असे विचारून अडवू शकत नाही.

क्षेत्रसभेनेही सगळे भागत नाही, हे मला कबूल आहे. ती मतदारांची सभा आहे, आणि शहरातला परिसर फक्त मतदारांच्या श्रमावर चालत नाही. ज्या बाया आमच्या इमारतींत चार-चार घरांची धुणीभांडी करतात, जी बाई कचरा उचलते, जो माणूस रात्री फाटकाशी बसतो, त्यांची नावे दुसऱ्या प्रभागाच्या, पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्याच्या यादीत असतात. ती दिवसाचे दहा तास इथे असतात आणि इथल्या कोणत्याच सभेची सभासद नसतात. गेल्या वर्षी आमच्या गटाने, बराच वाद होऊन, आपली मासिक बैठक रविवारी सकाळी अकराऐवजी एका कामाच्या दिवशी दुपारी तीनला, कामवाल्या बायांची सकाळची घरे आटोपल्यावर, घेऊन पाहिली. आम्ही नेहमीचे सहा जण होतो आणि त्या अकरा जणी आल्या. आमच्याकडे मागण्यांची यादी तयार होती. तीन वर्षांत ती सत्तावीसपर्यंत गेली होती, गतिरोधकापासून चाफ्याच्या रोपांपर्यंत. त्यांना विचारले की या भागात काय व्हायला हवे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांच्यातली एक वयस्क बाई म्हणाली की सकाळी सहाला घरून निघाल्यापासून दुपारी दोनपर्यंत बायकांना जायला इथे कुठे जागा नाही, ती करा. आम्ही यादी चाळून पाहिली. सत्तावीसांत स्वच्छतागृह नव्हते.